नवे एअर पिस्तूल: आधी रुळवावे, मग जुळवावे

नवे एअर पिस्तूल घरी आले की पहिल्याच संध्याकाळी त्याचे स्क्रू फिरवून पाहण्याचा मोह होतो. ट्रिगर जड वाटतो, छर्रे हवे तिथे लागत नाहीत, नळीतून धूर येतो, आणि हा सगळा पिस्तुलाचाच दोष आहे असे समजून माणूस ॲलन की शोधू लागतो. माझा सल्ला याच्या उलट आहे. नवे यंत्र आधी रुळू द्यावे, त्याच्या वागण्याची नोंद ठेवावी आणि नंतरच, एका वेळी एकच गोष्ट बदलत, ते आपल्या हाताला जुळवून घ्यावे. पहिल्या काही शे छर्र्यांत जे दोष दिसतात त्यांतले बरेचसे आपोआप नाहीसे होतात. जे उरतात तेवढ्यांवरच हात चालवायचा असतो.

रुळवणे म्हणजे नेमके काय, हे पिस्तूल कोणत्या जातीचे आहे त्यावर ठरते. स्प्रिंगच्या पिस्तुलात आपण तरफ ओढून स्प्रिंग दाबतो. ट्रिगर सुटला की पिस्टन वेगाने धावतो आणि त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन छर्र्याला ढकलते. इथे पिस्टनचे सील, स्प्रिंग, तिच्यावरचे ग्रीस आणि ट्रिगरच्या आतले एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग यांना जागेवर बसायला वेळ लागतो, म्हणून खरी रुळवणी या जातीलाच लागते. सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलात झडप आणि दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर एवढेच काय ते स्थिरावायचे असते. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यावर चालणारे पिस्तूल याच दुसऱ्या गटात मोडते, फक्त त्याचा स्वभाव हवामानाप्रमाणे बदलतो. पुढचे बरेचसे लेखन स्प्रिंगच्या पिस्तुलाला धरून आहे; छर्रे, ट्रिगर, माशी (नळीच्या पुढच्या टोकावरचा नेमाचा काटा) आणि मूठ यांविषयीचा भाग मात्र सर्वांना सारखाच लागू आहे.

जागेची तयारी

घरात नेमबाजी करायची तर छर्रा कुठे थांबणार हे आधी ठरवावे आणि बाकीचे सगळे त्यानंतर. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १२० मीटर वेगाने निघाला तर त्याच्यात सुमारे ३.६ ज्यूल ऊर्जा असते. आकडा किरकोळ वाटतो, पण डोळा कायमचा जायला तेवढी पुरते. टार्गेटमागे तिरप्या पत्र्याची, छर्रा खाली वळवून आतच ठेवणारी पेटी असावी, किंवा न वाळणाऱ्या लांबीसारख्या (पुट्टीसारख्या) लगद्याने भरलेली खोल पेटी असावी. सपाट लोखंडी पत्रा समोरासमोर उभा करणे धोक्याचे आहे, कारण शिशाचे तुकडे उलटून येतात. पोलादी गोळ्या तर आणखी जोरात उसळतात आणि आतून पिळाचे आटे असलेल्या नळीचे नुकसानही करतात, म्हणून त्या या कामात मुळीच वापरू नयेत. पेटीच्या मागे आणि नेमबाज व टार्गेट यांच्या मधल्या पट्ट्यात कोणतेही दार उघडणारे नसावे. दार असलेच तर ते आतून कडी लावून बंद करावे. खोलीत जितकी माणसे असतील तितके सुरक्षा चष्मे असावेत. बहुतेक छर्रे शिशाचे असतात, तेव्हा खाण्याची जागा वेगळी ठेवावी आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

स्पर्धेचे अंतर १० मीटर आहे, पण घरात तेवढी लांबी मिळाली नाही तर अडून राहू नये. १० मीटरच्या टार्गेटवरील काळ्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो. ७ मीटरवर त्याच प्रमाणात सुमारे ४२ मिलिमीटरचे आणि ५ मीटरवर ३० मिलिमीटरचे वर्तुळ काढले की डोळ्याला ते तेवढेच दिसते. छर्रे पारखायला आणि यंत्र रुळवायला हे अंतर पुरेसे आहे. अंतिम नेम मात्र पूर्ण अंतरावर, जिथे नेहमी सराव करणार तिथेच बसवावा.

पहिली सफाई

कारखान्यातून निघालेल्या पिस्तुलाच्या नळीत गंज टाळण्यासाठी तेलाचा थर दिलेला असतो आणि त्यात यंत्रकामाची बारीक धूळही मिसळलेली असते. पहिला छर्रा टाकण्यापूर्वी हा थर काढावा. यासाठी सळई खुपसण्यापेक्षा गवत कापण्याच्या यंत्रात असते तसली जाड नायलॉनची दोरी दुमडून केलेला फासा बरा पडतो. फासा नळीच्या मागच्या बाजूने घालून तोंडातून बाहेर काढावा, मागे राहिलेल्या टोकाला सुती चिंधीची पट्टी अडकवावी आणि एका सलग ओढीत ती मागून पुढे बाहेर आणावी. पहिली पट्टी बहुधा काळपट, तेलकट निघते. दुसरी राखाडी, आणि पाचव्या-सहाव्या पट्टीवर फक्त आट्यांच्या फिकट रेघा उमटतात. तिथे थांबावे. अगदी पांढरीशुभ्र पट्टी निघेपर्यंत घासत बसण्याने काही मिळत नाही. बंदुकीच्या दारूसाठी बनवलेली अमोनियायुक्त द्रावणे एअर पिस्तुलात वापरू नयेत, कारण ती सील आणि ओ-रिंग (रबरी गोल कड्या) खातात. नळीच्या तोंडाची कड हा तिचा सर्वांत नाजूक भाग असतो. छर्र्याचा शेवटचा स्पर्श तिथेच होतो, त्यामुळे धातूची सळई त्या कडेवर घासली तर झालेले नुकसान कोणत्याही जुळवणीने भरून येत नाही.

याच वेळी बाहेरून दिसणारे सगळे स्क्रू एकदा तपासावेत. आवळणे म्हणजे दात-ओठ खाऊन पिळणे नव्हे. बोटांच्या जोराने हलणार नाही इतके पुरे. स्प्रिंगच्या धक्क्याने मुठीचे आणि मागच्या खाचेचे (जिच्यातून माशी पाहून नेम धरतात तिचे) स्क्रू पहिल्या ५० बारांतच ढिले होतात, म्हणून ५० आणि पुन्हा १०० बारांनंतर ही तपासणी करावी. आज नीट असलेला ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, उद्या कारणाशिवाय फाकला, तर संशयाचा पहिला मान या स्क्रूंचा.

पहिले पाचशे छर्रे

सुरुवातीच्या बारांना नळीतून धूर दिसतो, करपट वास येतो आणि एखाद-दुसरा बार नेहमीपेक्षा मोठा, कडाडणारा निघतो. पिस्टनपुढची हवा क्षणार्धात दाबली गेली की ती इतकी तापते की तिच्यात सापडलेले जादा तेल पेट घेते. डिझेल इंजिनात इंधन पेटते तसाच हा प्रकार आहे. थोडा धूर नव्या यंत्रात स्वाभाविक असतो आणि जादा तेल जळून गेले की थांबतो. मोठा कडाड आवाज मात्र वारंवार येऊ लागला तर थांबावे, कारण तो सील आणि स्प्रिंग दोन्हींवर ताण आणतो. अशा वेळी तेल घालणे हा उपाय नसून तेच दुखणे आहे.

हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. माझे पहिले स्प्रिंगचे पिस्तूल ताणताना किरकिरायचे, म्हणून मी हवेच्या छिद्रातून शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब आत सोडले. पुढच्या बाराला असा आवाज झाला की शेजारच्या खोलीतले माणूस धावत आले. निळसर धुराचा लोट निघाला आणि छर्रा टार्गेटच्या कागदाबाहेर, मागच्या पुठ्ठ्यात लागला. नंतरचे तीस-चाळीस बार असेच रानोमाळ गेले. किरकिर मात्र तशीच राहिली, कारण ती सिलिंडरमधून येतच नव्हती. तरफेची खीळ कोरडी होती आणि तिला बाहेरून ग्रीसचा एक ठिपका हवा होता. तेव्हापासूनचा माझा नियम असा आहे की खिळी, सांधे आणि सरकणारे बाहेरचे भाग यांना ग्रीस द्यावे, आणि पिस्टनपुढच्या जागेत माहितीपुस्तिकेने स्पष्ट सांगितल्याखेरीज काहीही घालू नये. पुस्तिकेने सांगितलेच तर ते सिलिकॉनचे तेल असावे, खनिज तेल नसावे, आणि एक थेंब म्हणजे एकच थेंब.

रुळवणीचे बार एका बैठकीत उरकू नयेत. चाळीस-पन्नास छर्रे झाले की विश्रांती घ्यावी. यंत्रापेक्षा हाताला तिची गरज अधिक असते, कारण थकलेल्या हाताने मारलेले छर्रे पिस्तुलाविषयी काहीच सांगत नाहीत. तरफ एका सलग हालचालीत शेवटपर्यंत ओढावी आणि छर्रा भरताना ती दुसऱ्या हाताने धरून ठेवावी. अटक (ताणलेला पिस्टन धरून ठेवणारा अडसर) निसटून तरफ किंवा नळी फटकन मागे आली तर बोट चेचले जाते, आणि ही दुर्घटना नव्या, न घासलेल्या अटकेत जास्त संभवते. ताणलेले पिस्तूल तसेच ठेवून फोन घ्यायला उठू नये. स्प्रिंगचे पिस्तूल छर्र्याशिवाय कधीही सोडू नये: छर्र्यामागे अडलेली हवा पिस्टनला शेवटच्या टप्प्यात उशीसारखी झेलते, आणि छर्रा नसेल तर पिस्टन सरळ सिलिंडरच्या टोकावर आदळतो. सफाईसाठी मिळणाऱ्या फेल्टच्या हलक्या गोळ्याही एकेकट्या मारल्या तर हाच परिणाम होतो.

साधारण दोनशे ते पाचशे बारांत यंत्र जागेवर येते. ते आले हे कानाला आणि हाताला कळते. तरफ ओढताना लागणारी खरखर मऊ होते, सुटल्यावर होणारी स्प्रिंगची झणझण कमी होते, आणि ट्रिगर रोज एकाच ठिकाणी सुटू लागतो. वेगमापक यंत्र हाताशी असेल तर दर शंभर बारांनंतर दहा बारांचे वेग लिहून ठेवावेत. सरासरी किती आहे याहून दहा वेगांमधला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतला फरक आक्रसतो आहे का, हे महत्त्वाचे.

वेगाच्या मागे लागणाऱ्यांसाठी इथे एक हिशेब मांडतो. १५० मीटर प्रति सेकंद वेगाचा छर्रा, हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर, १० मीटर अंतर सुमारे ०.०६७ सेकंदात कापतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने २२ मिलिमीटर खाली येतो. वेग १४५ झाला तर तो साधारण २३.५ मिलिमीटर खाली येईल. म्हणजे सेकंदाला पाच मीटरच्या फरकाने टार्गेटवर दीड मिलिमीटर सरकले, आणि टार्गेटवरच्या एका कड्याची रुंदी ८ मिलिमीटर आहे. कागदाला भोक पाडायला वेग वाढवावा लागत नाही. जादा ताकदीची स्प्रिंग घातल्याने धक्का वाढतो, ट्रिगरवरचा भार वाढतो आणि ग्रुप सहसा फाकतोच.

वेग मोजायला यंत्र नसेल आणि बार मवाळ वाटत असतील, तर नळी वाकवून भरायच्या पिस्तुलात नळी आणि सिलिंडर जिथे मिळतात त्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवून, तोंड पेटीकडे धरून, एक छर्रा मारावा. पट्टी उडाली तर त्या सांध्याचे सील गळते आहे. ही रबरी कडी स्वस्त असते आणि बदलायला सोपी असते. पिस्टन आणि स्प्रिंग बाहेर काढणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. स्प्रिंग आत दाबलेल्या अवस्थेत बसवलेली असते आणि शिकंजा न लावता मागचे टोपण उघडले तर ती अंगावर येते; ते काम जाणकाराकडे द्यावे.

छर्रे पारखणे

जुळवणीत सर्वांत मोठा फरक छर्रा बदलल्याने पडतो आणि सर्वांत कमी लोक तो बदलून पाहतात. पिस्तुलाच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर असला तरी छर्र्याचे डोके ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिलिमीटर असते आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. कागदावर मारायला सपाट डोक्याचे छर्रे घ्यावेत, कारण ते कागदात पंच केल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडतात. पिस्तुलासाठी बहुधा अर्ध्या ग्रॅमच्या आत-बाहेरचे हलके छर्रे योग्य ठरतात. भरताना बोटाला जाणवणारा अडथळाही बोलका असतो: छर्रा घरंगळून आत पडत असेल तर तो सैल आहे, अंगठ्याने दाबून चेपावा लागत असेल तर घट्ट. डबीतून घेतलेल्या छर्र्याचा मागचा घागरा उजेडात धरून पाहावा आणि चेपलेला असेल तर बाजूला टाकावा.

पारखण्याची रीत अशी. बसून, दोन्ही हातांनी पिस्तूल धरून, मनगटे मऊ उशीवर टेकवावीत. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा स्वतःचा भाग कोणत्याही कठीण वस्तूला टेकवू नये. त्याचा पिस्टन पुढे धावताना पिस्तूल मागे सरकते आणि पिस्टन थांबताना पुढे झेपावते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच ही हालचाल सुरू झालेली असते, म्हणून ते दर वेळी सारख्याच सैलपणाने धरले तरच दर वेळी सारखे उसळते. नवा छर्रा सुरू करताना पहिले दहा-पंधरा बार मोजू नयेत, कारण नळीत आधीच्या शिशाचा पातळ लेप असतो आणि तो बदलायला तेवढे लागतात. नंतर पाच-पाच छर्र्यांचे किमान चार ग्रुप, प्रत्येक वेगळ्या कागदावर, मारावेत.

ग्रुप मोजायला व्हर्निअर कॅलिपरने एकमेकांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्यावे आणि त्यातून छर्र्याचा व्यास वजा करावा. बाहेरून बाहेर १७.५ भरले तर १७.५ वजा ४.५, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत १३ मिलिमीटर. चार ग्रुपची सरासरी काढावी. एखादा ग्रुप सात मिलिमीटरचा आला म्हणून नाचू नये आणि एखादा वीसचा आला म्हणून डबी फेकूनही देऊ नये. पाच छर्र्यांत नशिबाचा वाटा पुष्कळ असतो. दोन छर्र्यांच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्या आल्या तर जो सहज आणि नेहमी मिळतो तो ठेवावा. दर महिन्याला छर्रा बदलणाऱ्याची नोंदवही कधीच उपयोगाची होत नाही.

ट्रिगर

यंत्र रुळले आणि छर्रा ठरला की मगच ट्रिगरकडे वळावे. स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांत चालतो: आधी हलका मोकळा प्रवास, मग जाणवणारी भिंत, आणि त्या भिंतीवर थोडा दाब वाढला की सुटणे. पहिल्या टप्प्याचा भार, दुसऱ्याचा भार, प्रवासाची लांबी आणि सुटल्यानंतर ट्रिगर किती मागे जाऊ द्यायचा, यांसाठी वेगवेगळे स्क्रू असतात. कोणता स्क्रू कशाचा हे पुस्तिकेत पाहून कागदावर चित्र काढावे, प्रत्येकाची मूळ जागा कॅमेऱ्याने टिपून ठेवावी, आणि एका वेळी एकाच स्क्रूला पाव फेरा द्यावा. दोन स्क्रू एकदम फिरवले की बिघाड कोणामुळे झाला हे देवालाही सांगता येणार नाही.

१० मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. तो घरी मोजता येतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून, तारेच्या आकड्यासह तिचे एकूण वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर ५०० ग्रॅम करावे. पिस्तुलात छर्रा नसल्याची खात्री करून, दाबलेल्या हवेचे पिस्तूल कोरड्या सरावाच्या (बार न उडवता नुसता ट्रिगर चालवण्याच्या) सोयीवर ठेवून, नळी सरळ वर धरावी, आकडा ट्रिगरच्या मध्यावर अडकवावा आणि बाटली जमिनीवरून हळूहळू उचलावी. बाटली पूर्ण उचलली गेली आणि ट्रिगर सुटला नाही तर भार नियमात आहे. मी स्वतः तो ५२० ते ५५० ग्रॅमच्या दरम्यान ठेवतो. अगदी काठावर ठेवलेला ट्रिगर थंडी-उष्णतेने किंवा धुळीने खाली घसरतो आणि तपासणीच्या टेबलावर फजिती होते. स्प्रिंगच्या साध्या पिस्तुलाला ही सोय नसते, त्यामुळे वजन लटकवताना तोंड पेटीच्या उघड्या बाजूकडे आणि नळीत छर्रा ठेवूनच प्रयोग करावा लागतो. तो टाळलेला बरा, कारण तिथे भार बहुधा एक किलोच्या वरच असतो आणि आपल्याला तो फारसा बदलायचाही नसतो.

ट्रिगर फार कमी पकडीवर आणणे ही या कामातली सर्वांत धोकादायक चूक आहे. अटकेची दोन टोके एकमेकांवर केसभरच टेकलेली असतील तर सुटणे काचेसारखे कुरकुरीत वाटते खरे, पण पिस्तूल टेबलावर जरा आपटले तरी बार उडू शकतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर पिस्तूल ताणून, छर्रा न घालता, तोंड पेटीकडे ठेवून, मुठीच्या तळाशी आणि बाजूंना रबरी हातोडीने किंवा हाताच्या तळव्याने टकटक करावी. एकदाही सुटले तर स्क्रू मागे घ्यावा आणि पुन्हा तपासावे. स्प्रिंगच्या पिस्तुलात ही परीक्षा करताना मात्र छर्रा घालूनच ती पेटीसमोर करावी, नाहीतर सुटलेला पिस्टन कोरडाच आदळेल. अटकेच्या टोकांवर कानस किंवा पॉलिश पेपर चालवू नये. त्यांचा कडकपणा पृष्ठभागापुरताच असतो. तो घासून गेला की आतला मऊ धातू झिजत राहतो. मागे थांबवणारा स्क्रूही शेवटपर्यंत आत घेऊ नये, नाहीतर ट्रिगर पूर्ण सुटत नाही आणि अटक घासत सुटते.

खाच आणि माशी

मागची खाच सोप्या नियमाने चालते: ग्रुप जिकडे न्यायचा असेल तिकडेच खाच सरकवावी. ग्रुप डावीकडे पडतो आहे तर खाच उजवीकडे, खाली पडतो आहे तर खाच वर. पुढची माशी याच्या उलट चालते. खाचेच्या स्क्रूच्या एका खटक्याने किती फरक पडतो हे पुस्तिकेतल्या आकड्यावर न सोडता स्वतः पाहावे. एक ग्रुप मारावा, दहा खटके फिरवावेत, दुसरा ग्रुप मारावा, दोन्ही ग्रुपच्या मध्यांतले अंतर मोजून दहाने भागावे आणि तो आकडा वहीत लिहावा. एका भोकावरून खाच हलवण्याची सवय असेल तर ती इथेच सोडावी. पाच छर्र्यांच्या ग्रुपचा मध्य हाच पुरावा धरावा.

माशीच्या दोन्ही बाजूंना खाचेत उजेडाच्या सारख्या फटी दिसल्या पाहिजेत. फटी फार अरुंद असतील तर डोळा ताणतो, फार रुंद असतील तर माशी मध्यावर आहे की नाही हे कळत नाही. मला प्रत्येक फट माशीच्या रुंदीच्या निम्मी असलेली मानवते, वयस्क डोळ्यांना ती थोडी अधिक लागते. खाच आणि माशी यांत साधारण ३०० मिलिमीटर अंतर असेल आणि माशी खाचेत एक मिलिमीटर सरकलेली असेल, तर १० मीटरवर छर्रा ३३ मिलिमीटर, म्हणजे चार कडी दूर जातो. उलट माशी खाचेत अगदी मध्यावर आहे आणि सबंध हातच पाच मिलिमीटर बाजूला डुलला, तर छर्राही फक्त पाच मिलिमीटर सरकतो. दहाच्या कड्याचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे आणि छर्र्याची कड रेषेला लागली तरी गुण मिळतो, म्हणून तो दहाच धरला जातो. एवढ्यासाठी नजर माशीवर ठेवायची आणि काळे वर्तुळ धूसर दिसू द्यायचे. माशी काळ्यात घुसवण्याऐवजी तिच्या वर थोडी पांढरी फट राखून, वर्तुळाखालच्या पांढऱ्यावर नेम धरावा, आणि खाच त्या सवयीप्रमाणे बसवावी. काळ्यावर काळे ठेवले की माशीचे टोक हरवते.

मूठ

लाकडी मूठ हाताला बसते की नाही याची परीक्षा डोळे मिटून होते. उभे राहावे, रिकामे पिस्तूल धरून हात खाली सोडावा, डोळे मिटून सावकाश नेहमीच्या उंचीवर उचलावा आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्यावर असेल तर मूठ ठीक आहे. ती दर वेळी डावीकडेच सापडत असेल, तर मनगट वाकवून ती मध्यावर आणणे हा इलाज नव्हे, कारण बार सुटण्याच्या क्षणी मनगट आपल्या मूळ जागी परत जाते. मूठ फिरवण्याची सोय असेल तर ती किंचित फिरवावी; नसेल तर जिथे दाब जास्त पडतो तिथले लाकूड कमी करावे. दाब कुठे पडतो हे ओळखण्यासाठी तळहाताला खडूची भुकटी लावून पिस्तूल घट्ट धरावे आणि लाकडावर जिथे ठसा दाट उमटेल तिथे ८० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडे घासावे. पुन्हा खडू, पुन्हा उचलणे, पुन्हा घासणे. जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरून, ती ओली असतानाच पातळ प्लॅस्टिकमधून हाताचा ठसा घ्यावा. तळहाताखालची सरकती फळी हात हलणार नाही इतकीच वर घ्यावी. ती करकचून बसवली तर दहा मिनिटांत बोटे बधिर होतात. मूठ मनगटाच्या पलीकडे आधार देईल असे काहीही स्पर्धेत चालत नाही, आणि मुठीसह पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे लागते, त्याचे वजन १५०० ग्रॅमच्या आत असावे लागते, हे लाकूड आणि वजने वाढवताना ध्यानात ठेवावे.

हवा आणि वायू

दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचा दाब बहुधा २०० बार (इथे बार हे दाबाचे एकक) असतो. सिलिंडर भरताना झडप हळूच उघडावी; झपाट्याने भरला तर तो तापतो, आणि थंड झाल्यावर दाब खाली आलेला दिसतो. भरण्याच्या जोडावर, ओ-रिंगवर किंवा आट्यांवर खनिज तेल वा साधे ग्रीस कधीही लावू नये, कारण इतक्या दाबाखाली ते पेट घेऊ शकते. लागलेच तर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे. सिलिंडरवर कोरलेली मुदत वाचावी आणि ती उलटून गेल्यावर तो वापरू नये. हवा गळत असल्याचा संशय असेल तर जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काही दिवस बंद असलेल्या पिस्तुलाचे पहिले दोन-चार बार वेगळे जाऊ शकतात, तेवढे मोजू नयेत.

कार्बन डायऑक्साइडचे १२ ग्रॅमचे नळकांडे बसवण्यापूर्वी त्याच्या टोकावर उत्पादकाने सांगितलेल्या तेलाचा एक थेंब ठेवावा. वायूबरोबर तो सीलपर्यंत पोचतो. या वायूचा दाब तापमानाप्रमाणे वर-खाली होतो, आणि भराभर बार केले तर नळकांडे गार पडून तो आणखी उतरतो. म्हणून नेम बसवताना दोन बारांमध्ये अर्धा-पाऊण मिनिट जाऊ द्यावे.

मूठ घासली, ट्रिगरचा भार बदलला किंवा छर्र्याची डबी नवी उघडली की नेम पुन्हा तपासावा, कारण हात वेगळा बसला की बारही वेगळा जातो. नळीची पुढची सफाई मात्र कॅलेंडर पाहून करू नये. ठरलेल्या छर्र्याचा ग्रुप स्क्रू घट्ट असूनही फाकू लागला, तेव्हा दोन-तीन चिंध्या ओढाव्यात आणि त्यानंतरचे दहा-पंधरा छर्रे हिशेबात धरू नयेत. शिशाचा लेप पुन्हा बसेपर्यंत नळी मनासारखी वागत नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री तर ती साफ करूच नये.